चपराक कुणी शिकवली?

पक्कड घेऊन शिवमूर्ती गच्चीवर गेला आणि त्यानं केबलची तार कापून टाकली. त्याला वाटलं, आपण आपल्या घरातला टीव्ही बंद केला. प्रत्यक्षात त्यानं आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले टीव्ही बंद केले होते. धाकटा भाऊ मल्लिनाथ याच गच्चीवरच्या खोलीतून केबलचा धंदा चालवायचा, आणि कोणती तार कुठं जाते हे त्याच्याशिवाय घरात कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पावसाळ्यानंतर त्यालाही नीटसं माहीत नसायचं.

रविवारची सकाळ होती. मल्लिनाथच्या खिशातला मोबाईल जो वाजायला लागला तो थांबेना.

“हाव काका... न्हाई हो, वायर तुटली... माकडानं तोडली, माकडानं,” असं म्हणत तो जिन्याकडं धावला, तर पक्कड हातात घेऊन थोरला भाऊ वरून उतरत होता. मल्लिनाथनं मोबाईलवर हात ठेवला. “अण्णा, लोक विचारून राहिलेत. माकडाचं नाव सांगू का?”

“सांग! सगळ्या लातूरला सांग! रोज रातच्याला हाणामारीचे पिक्चर लावतोस. माझ्या पोरीनं काल भर वर्गात एकीच्या कानफटात मारली. कुठून शिकली ती? भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून?”

यावर मल्लिनाथकडं उत्तर होतं, पण फोन पुन्हा वाजला.

झालं होतं ते असं. शिवमूर्तीची सृष्टी बारावीला होती आणि शहरातल्या नावाजलेल्या क्लासच्या पहिल्या, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या बॅचमध्ये होती. ही पहिली बॅच म्हणजे काय हे लातूरच्या बाहेर समजावून सांगणं अवघड आहे. एवढंच सांगतो, की पहिल्या बॅचमधल्या मुलीच्या आईला भाजीवाल्या मावशीसुद्धा कोथिंबीर जास्त घालायच्या. त्या वर्गात जागा धरायची रीत एसटीसारखी होती. पहाटे दार उघडलं की बाकावर पिशवी ठेवायची, मग बाहेर जाऊन चहा प्यायचा. पिशवी असेल ती जागा आपली. शनिवारी सृष्टी चहा पिऊन आली तर तिची पिशवी पहिल्या बाकावरून उचलून तिसऱ्यावर ठेवलेली, आणि तिच्या जागी इकरा नावाची मुलगी बसलेली. इकरा हिमायतनगरची, इथं वसतिगृहात राहणारी, तोंडातून शब्द न काढणारी. सृष्टीनं काही विचारलं नाही. तिचा हात उठला आणि दोनशे पोरांचा वर्ग एकदम गप्प झाला.

क्लासचे सर मोजकं बोलणारे होते. त्यांनी शिवमूर्तीला बोलावून सांगितलं, “त्या मुलीच्या वडिलांनी माझ्यासमोर येऊन तक्रार नाही म्हटलं, तर सोमवारपासून वर्गात. नाहीतर दुसरा क्लास बघा.” परीक्षा तोंडावर आलेली असताना दुसरा क्लास बघणं म्हणजे भर पुरात दुसरी होडी बघणं. इकराचे वडील महेबूबभाई पहाटेच्या गाडीनं निघाले होते. दुपारी शिवमूर्तीच्या घरी येणार होते. त्यांच्या एका शब्दावर पोरीचं सगळं अडलं होतं, आणि ते येईपर्यंत घरच्यांना करण्यासारखं काही नव्हतं. अशा वेळी आमच्या माणसांना भांडण फार छान सुचतं.

बैठकीच्या खोलीत ईश्वरप्पा दिवाणावर बसले. भूकंपात गावातलं घर आणि दुकान दोन्ही गेल्यावर त्यांनी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, डाळीची आडत उभी केली होती. आता तीही सोडली होती, पण बसण्याची ढब आडतीतलीच राहिली होती. घरातलं भांडणही ते तुरीच्या लिलावासारखं चालवायचे, म्हणजे एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि शेवटी भाव आपण सांगायचा. प्रत्यक्षात सगळे एकदमच बोलायचे.

“आधी अक्काला बोलू द्या,” ते म्हणाले. “ती नांदेडवरनं आलीय.”

अक्का म्हणजे महानंदा, ईश्वरप्पांची थोरली लेक. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसाहतीत राहायची. नवरा प्राध्यापक. तिनं स्वतः पोरं मोठी झाल्यावर घरबसल्या बालमानसशास्त्राची पदविका घेतली होती आणि तेव्हापासून तिला कुठलंही मूल नुसतं रडताना दिसत नव्हतं. ती चष्मा पुसत म्हणाली, “यावर परदेशात फार काम झालंय. लहान पोरांना दोन खोल्यांत बसवलं. एका खोलीत त्यांच्यासमोर मोठ्या माणसानं एका बाहुलीला बदड बदड बदडलं. दुसऱ्या खोलीत काही नाही. मग पोरांना त्या बाहुलीपाशी सोडलं. ज्यांनी मारताना बघितलं होतं त्यांनी तश्शीच बदडली. तेच शब्द, तोच हात.”

“बघा!” शिवमूर्ती म्हणाला.

“कसली बाहुली होती?” मल्लिनाथनं विचारलं.

“रबरी. हवा भरलेली. पाडली की परत उभी राहणारी.”

“आता परत उभी राहणारी रबरी बाहुली दिल्यावर पोरं तिला मारतील न्हाई तर काय तिची आरती करतील? आन मी म्हंतो, श्रावणात महिनाभर मी देवाधर्माचे पिक्चर लावतो. किती जण घर सोडून हिमालयात गेले? आपल्या गल्लीतून एक तरी गेला का? उलट मागच्या श्रावणात दोन घरांत वाटण्या झाल्या.”

ईश्वरप्पांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

“आन अण्णा, लाईट किती वेळ असते ते तर बघ. दिवसातला अर्धा वेळ भारनियमन. एवढ्या वेळात कोण काय शिकणार? गुंड व्हायला सुद्धा जरा सलग वीज लागते.”

महानंदा मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. “मल्लू, तू केबलवर साडीच्या दुकानांच्या जाहिराती घेतोस ना? दुकानदाराला काय सांगतोस?”

“काय सांगणार? बघितलं की गिऱ्हाईक येतंय म्हून सांगतो.”

“म्हणजे अर्धा मिनिट साडी बघितली की माणूस उठून दुकानात जातो. आणि तीन तास हाणामारी बघून त्याला काहीच होत नाही. असंच ना?”

गेली दहा वर्षं मल्लिनाथ या धंद्यात होता, पण हा मुद्दा कुणी काढेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याचं दुःख वेगळंच होतं. सृष्टी त्याची लाडकी. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून ती खांबाखांबावरच्या तारा बघायची. आपल्यामुळं पोरीचं वर्ष गेलं तर, ही भीती काल संध्याकाळपासून त्यालाही चावत होती. म्हणून तर तो एवढे विनोद करत होता.

फोनानं त्याची सुटका केली. त्यानं ऐकलं, हाव हाव म्हटलं आणि बंद केला. “मागल्या गल्लीतला मन्मथ बिराजदार होता. म्हंतोय, दहा मिनिटांत केबल लागली न्हाई तर घरी येऊन तंगडं मोडतो. ऐकलं का अक्का? टीव्ही लावल्यानं न्हाई, बंद केल्यानं मारामारी होऊन राहिली. हे तुमच्या पदविकेत घाला.”

“मी असं कुठं म्हणते की सिनेमा बघून माणूस लगेच कुणाला मारतो,” महानंदा जरा नरमून म्हणाली. “मारण्याची सवय लागते मनाला. हात उठणं सोपं होतं. एवढंच.”

“मग पोरीनं बघितला कधी सिनेमा?” स्वयंपाकघराच्या दारातून कलावती म्हणाली. ही सृष्टीची आई. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूनं होती, कारण तार कापली तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं. पण घरात जो तो बोलतोय आणि उपीट तिला एकटीलाच हलवावं लागतंय, हे लक्षात आल्यावर तिची बाजू बदलायला लागली होती. “पहाटे जाते, रात्री जेवायला येते, ताटावरच पेंगते. सिनेमा बघतं कोण या घरात? अप्पांजी बघतात. आवाज मोठा करून बघतात.”

सगळ्यांनी दिवाणाकडं पाहिलं.

“मला झोप लागत न्हाई,” ईश्वरप्पा म्हणाले.

“हाणामारीनं लागती व्हय?” शिवमूर्ती.

“ते तेलुगूवाले लई जोरात मारतात. एका ठोशात चार माणसं उडतात. मन हलकं होतं.” आणि मग आपण अध्यक्ष आहोत हे आठवून ते म्हणाले, “माझं वय झालंय. माझ्यावर काय परिणाम होणार? विषय पोरीचा चाललाय.”

“मोंढ्यात हमालाच्या पाठीत गुद्दे कोण घालायचं, तेव्हा तर केबल नव्हती,” मल्लिनाथ हळूच म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. शिवमूर्तीनं धाकट्याकडं कौतुकानं बघितलं आणि मग लगेच रागानं बघितलं.

आतल्या खोलीत सृष्टी पुस्तक उघडून बसली होती. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. हे शिकली कुठून, हे शिकली कुठून, असं सगळे एकमेकांना विचारत होते. तिला येऊन कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं का, कोण जाणे. शेवटचा सिनेमा तिनं दहावीच्या सुट्टीत पाहिला होता आणि तोही मध्येच वीज गेल्यामुळं अर्धाच. तिला फक्त आपल्या तळव्याला लागलेला गाल आठवत होता, मऊ आणि थंड, पहाटेच्या हवेतून आलेला. इकरानं उलट काहीच केलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली होती. ते बघणं सृष्टीला अजून सहन होत नव्हतं. आणि तरी एक मन म्हणत होतं, माझी जागा होती ती. रात्रभर ही दोन मनं तिच्यात भांडत होती आणि बाहेर आता सगळं घर भांडत होतं.

महेबूबभाई आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. उंच, किडकिडीत माणूस, मेहंदी लावलेली दाढी, हातात पेढ्यांचा पुडा. भांडायला येणारा माणूस पेढे घेऊन येत नाही, हे बघून शिवमूर्तीच्या जिवात जीव आला. मागून इकरा आली. गालावर आता काही दिसत नव्हतं, पण बसताना तिनं तो गाल भिंतीकडं केला.

“तुमच्या घरी येताना रिकाम्या हातानं कसं यावं, भाईसाब,” महेबूबभाई म्हणाले. “माझा बांगड्याचा धंदा. सगळ्या गावाच्या लेकीबाळींचे हात माझ्या हातातून गेलेत. आपली बच्ची मार खाऊन आली, ते कळलं तेव्हा मी बिवीला म्हटलं, चल, बरं झालं, मारून आली असती तर मला तोंड लपवावं लागलं असतं.”

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की आपलं तोंड कुठं लपवावं हे शिवमूर्तीला कळेना. कलावतीनं घाईनं चहा आणला.

“तुम्ही म्हणाल तशी माफी मागतो,” शिवमूर्ती म्हणाला.

“माफीचं काय, ती तर झालीच. मी सरांना सांगून देतो तक्रार न्हाई म्हून. पण भाईसाब, एक विचारू का? मी हिमायतनगरला, पोरगी इथं. रोज तुमच्या बच्चीच्या शेजारी बसणार. परत असं होणार न्हाई, एवढं मला कळायला पाहिजे. बच्चीला एवढा गुस्सा आला कुठून?”

“टीव्ही!” शिवमूर्ती म्हणाला. “केबल! मी आज सकाळीच कापून टाकली. मुळावरच घाव घातला.”

महेबूबभाईंनी मान डोलावली. त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं. इथं सगळे गप्प बसले असते तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. पण पाहुणा समाधानानं चहा पितोय आणि बैठकीत शांतता आहे, हे ईश्वरप्पांना कधी सोसलेलं नाही.

“टीव्ही कशाचा,” ते म्हणाले. “आजीवर गेलीय ती. आजीवर!”

“अप्पा,” महानंदा म्हणाली, पण तिच्याही ओठांवर हसू आलं.

“तुम्हाला सांगतो महेबूबभाई. भूकंपाच्या नंतरची गोष्ट. गाव सगळं पडलेलं. आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. पाण्याचा टँकर यायचा आन बायका आदल्या रात्रीच घागरी रांगेत लावून ठेवायच्या. घागर असेल तो नंबर आपला. तर एका सकाळी ही आमची,” त्यांनी आतल्या दाराकडं बोट केलं, तिथं त्यांची बायको शांतम्मा पानाचा डबा घेऊन बसली होती, “ही जाऊन बघते तर नागप्पा म्हून एक शेजारच्या गावचा गडी हिची घागर उचलून बाजूला ठेवून राहिलाय!”

“सहा फुटाचा गडी,” शिवमूर्ती म्हणाला. त्याला राहवलं नाही.

“मागच्या वर्षी साडेपाच होता,” मल्लिनाथ म्हणाला.

“अव्वा काय बोलली न्हाई, चालली न्हाई. पदर खोचला.” शिवमूर्ती उठून उभा राहिला. वर्षातून एकदा, दिवाळीच्या फराळाला सगळे जमले की हे त्याचंच काम असायचं. “सरळ चालत गेली. अशी. आन उजवा हात असा मागं नेऊन...”

“सट्टाक!” मल्लिनाथनं तोंडानं आवाज काढला. इतक्या वर्षांच्या सरावानं तो आवाज फार सुरेख निघायचा.

“‘माझी घागर हाय ती, भाड्या!’” महानंदा आईच्या आवाजात ओरडली. पदविका, परदेशातली पोरं, रबरी बाहुली, सगळं ती त्या क्षणी विसरली होती. “आणि सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या!”

तिघंही हसत होते. ईश्वरप्पा मांडीवर थाप मारत होते. भूकंपानं त्यांचं सगळं नेलं होतं, आणि त्या दिवसांतली हसून सांगता येईल अशी एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडं उरली होती. म्हणून ती त्यांनी जपली होती. म्हणून ती दर वर्षी थोडी वाढतही होती.

शिवमूर्तीचा हात अजून हवेत होता. इकरा त्या हाताकडं बघत होती. घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

“अंकल, अस्संच. हात असाच मागं नेला होता तिनं.”

हसणं एकदम थांबलं. शिवमूर्तीनं हात खाली घेतला, आणि तो कुठं ठेवावा हे न सुचून खिशात घातला.

“आणि बोललीपण काही नाही,” इकरा म्हणाली.

महेबूबभाईंनी बशी खाली ठेवली. ते भले माणूस होते, पण बापही होते. ज्या घरात कुणाच्या तरी तोंडात मारल्याची गोष्ट पाहुण्याला चहाबरोबर सांगतात, त्या घरातल्या पोरीशेजारी आपली पोरगी बसवावी का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता आला. “चला भाईसाब,” ते म्हणाले, “मी जरा विचार करतो. सरांशी मग बोलतो.”

“अहो, बसा तर,” शिवमूर्ती म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. कलावती दारात आली आणि दोघा भावांकडं अशी बघायला लागली की त्यांनी खाली मान घातली. “पोरीनं दरसाल हेच ऐकलंय,” ती म्हणाली. “तीन वर्षांची होती तेव्हापासून. आन तुम्ही केबल कापायला गेलात.”

तेवढ्यात शांतम्मानं पानाचा डबा मिटला.

“पुढचं सांगा की,” ती म्हणाली.

शांतम्मा फार बोलायची नाही. ही गोष्ट सुरू झाली की ती नेहमी उठून आत जायची, आणि सगळे म्हणायचे, अव्वा लाजली. आज मात्र ती उठली नव्हती.

“पुढं काय?” ईश्वरप्पा म्हणाले. “संपलं की.”

“तुमचं संपलं. माझं कुठं संपलं?” तिनं महेबूबभाईंकडं बघितलं. “भाऊ, दोन मिनटं बसा. त्या दिवशी टँकर मागं येऊन राहिला होता. डायवरला मागचं दिसत न्हवतं. त्यो नागप्पा घागरी उचलून बाजूला करत होता. माझी उचलली आन मी जाऊन मारली. टाळ्या पडल्या म्हणतात न्हवं, त्या टाळ्यात टँकर मागं आला आन पुढच्या दोन घागरी चेपल्या. माझी तेवढी वाचली.”

शिवमूर्ती आईकडं बघत राहिला. त्या रांगेत तो स्वतः होता, पण त्याला चेपलेल्या घागरी आठवत नव्हत्या. त्याला टाळ्याच आठवत होत्या.

“मला ते ध्येनात आलं रात्री. दुसऱ्या दिवशी त्याचं शेड शोधत गेले. बायको गेलेली, दोन लेकरं गेलेली. एकटाच चूल पेटवत होता. मी सगळ्यांसमोर वाकले, आमच्यात नमस्काराला म्हणतात तसं शरणार्थी म्हटलं आन पाय धरले. त्यो बिचारा मागं सरकला. म्हणाला, अव्वा, घागर वाचली न्हवं, मग झालं तर.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस,” महानंदा म्हणाली.

“यांना ठावं हाय की.” शांतम्मानं नवऱ्याकडं हनुवटी केली. “दुकानदाराच्या बायकोनं गड्याचे पाय धरले, ते सांगायला बरं वाटत न्हाई. म्हून गोष्ट थापडीवर थांबवतात. पिच्चरवाले निदान शेवट तरी दाखवतात.”

मोंढ्यात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण ईश्वरप्पांना आता एवढंच सुचलं, “त्यात मजा येत न्हाई.”

“मजा न्हाईच,” शांतम्मा म्हणाली. “मारायला काय लागतं? हात असला की झालं. त्या शेडापर्यंत जाताना माझे पाय लटलट कापत होते. ते कुणी करून दाखवत न्हाई.”

सृष्टी दारात येऊन उभी होती, कधीपासून ते कुणाला कळलं नव्हतं. ही गोष्ट ती ऐकत आली होती, लहानपणी उशीला मारून खेळली होती, आणि तिला आता पहिल्यांदाच त्या नागप्पाचा चेहरा दिसत होता. तो इकराच्या चेहऱ्यासारखा होता. नुसता बघणारा. ती इकरासमोर जाऊन खाली बसली.

“माझी पिशवी का उचललीस? मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं. आता विचारते.”

प्रत्येकाला वाटलं, आता या पोरीकडूनही टँकरसारखं काहीतरी निघणार.

इकरानं बापाकडं पाहिलं, मग सृष्टीकडं. “कारण काही नव्हतं,” ती म्हणाली. “मला पुढं बसायचं होतं. मागून फळा दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, अब्बांना सांगितलं नाही. सांगितलं की अम्मी म्हणते, वाचून वाचून डोळे गेले, घरी ये.”

“म्हणजे तू खरंच माझी जागा घेतलीस!”

“हाव.”

मल्लिनाथला हसू फुटलं, ते त्यानं रुमालात दाबलं. सृष्टी क्षणभर गोंधळली. आजीचं बरं होतं, तिचा नागप्पा तरी निर्दोष होता. चुकलेल्या माणसाची माफी कशी मागायची हे आजीच्या गोष्टीत नव्हतं. ते तिला तिचं तिलाच शोधावं लागलं.

“तुझं चुकलंच,” ती हळूहळू म्हणाली. “पण मी मारायला नको होतं. अज्जीच्या गोष्टीमुळं मारलं का, मला नाही माहीत. मला त्या वेळी फक्त बाक दिसत होता. रोज पहाटे स्कूटरवर बाबा सांगतात, पहिला बाक गेला की पहिली बॅच गेली, बॅच गेली की डॉक्टरकी गेली, मग रडत बस जन्मभर. मला वाटलं, गेलं. सगळंच गेलं.” आता ती रडत होती. “तू माझ्यासाठी मुलगीच नव्हतीस तेव्हा. तू म्हणजे माझी गेलेली जागा होतीस. माफ कर.”

आणि तिनं वाकून इकराच्या पायांना हात लावला. इकरा दचकून मागं सरकली, मग तिनं सृष्टीचा हात धरून ठेवला, सोडलाच नाही.

शिवमूर्ती खिडकीबाहेर बघायला लागला. ती वाक्यं त्याचीच होती. रोज पहाटे स्कूटरवर, थंडीत, मागं बसलेल्या पेंगुळलेल्या पोरीला जागं ठेवायला तो ती म्हणायचा, आणि त्याला वाटायचं आपण तिला धीर देतोय. भूकंपात डोळ्यांदेखत घर गेलेल्या माणसाला जागा जाण्याची भीती काय असते हे कुणी सांगायला नको. पण ती भीती आपण रोज पोरीच्या कानात ओततोय, हे त्याला आज दिसलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो तसाच उभा राहिला.

महेबूबभाईंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “पहिले तर चष्मा. आज चष्मा घेतल्याशिवाय मी लातूर सोडणार न्हाई.” आणि मुलीकडं वळून, “बेटा, तू सांग. मी सरांना काय सांगू?”

इकरा थोडी हसली. “सांगा, तक्रार नाही. पण उद्या मी पुढंच बसणार.”

“बस की,” सृष्टी नाक पुसत म्हणाली. “पहिल्या बाकावर तिघी बसतात. आपण चौघी बसू.”

“अगं, चौघी?” शिवमूर्ती गर्रकन वळला. डोळे अजून ओलेच होते, पण बापाची जात, राहवतंय कशाला. “एवढ्याशा बाकावर चौघी बसल्यावर लिहिताना हात कसा हलणार?”

बैठकीतले सगळे त्याच्याकडं बघायला लागले. कलावतीनं सकाळपासून खिडकीत पडलेली पक्कड उचलली आणि तार जोडायला मल्लिनाथच्या हातात दिली.

“हात जरा कमीच हलू दे,” ती म्हणाली.